व्याह्यांचे इंटरकूलर

माझ्या सासऱ्यांची आणि माझ्या वडिलांची गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची आहे. रंग तेवढा वेगळा. सासऱ्यांची पांढरी, वडिलांची तांबडी. दोन्ही छोट्याच, पण टर्बो इंजिनाच्या. सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी भोरला नवी कोरी घेतली. वडील गुंजवण्याला भातशेती करतात. माझ्या भावानं पुण्यात मोठी गाडी घेतली तेव्हा आपली जुनी त्यांच्या अंगणात आणून लावली. म्हणजे मुलाच्या बापाकडे कोरी आणि मुलीच्या बापाकडे वापरलेली. हा क्रम देवानंच लावून दिलाय, अशी मामंजींची समजूत होती. ती पाबे घाटात मोडली.

माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा घाटापलीकडे होता, आई आदल्या दिवशीच तिकडे गेली होती. मे महिना. सगळे गुंजवण्याला जमलो आणि तिथून निघालो. मामंजींच्या गाडीत पुढं ते आणि माझा नवरा, मागं सासूबाई, मी आणि माझी आत्या. मांडीवर लाडवांचे डबे, डिकीत साड्यांच्या पिशव्या आणि तांदळाचं पोतं. एसी पूर्ण सोडलेला. वडील आपल्या गाडीत एकटेच होते, बरोबर फक्त ताकाची कॅन, आणि काचा खाली. घाट अर्धा चढलो तशी आमची गाडी दमली. मामंजी पाय दाबत होते, इंजिन ओरडत होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं वळण घेत होती. तेवढ्यात मागून वडिलांनी हलकेच हॉर्न दिला, बाजूनं पुढं गेले आणि जाताना खिडकीतून हात जोडले. व्याह्याला ओलांडून जायचं म्हणजे नमस्कार केला पाहिजे, एवढाच त्यात हेतू होता. मामंजींना तो हात दाखवल्यासारखा वाटला.

साखरपुड्यात ते पुरुषमंडळींत बसले, पण जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी वडिलांना विचारलंच, की गाडीला काही बसवून घेतलंय का. वडील श्रीखंड खात होते. ते म्हणाले, "पोरानं काय काय करून घेतलंय, मला काय ठावं?" भावानं सीटकव्हरं आणि मागच्या काचेवर शिवरायांची मुद्रा यापलीकडे काहीही करून घेतलेलं नव्हतं. पण मामंजींना एवढं पुरलं.

आमच्यात गाडीतलं सगळं कळतं असा एकच माणूस आहे, तो म्हणजे माझा नवरा. त्याला ते मोबाईलवर कळतं. त्यानं मामंजींच्या चिंतेचं निदान केलं, की तापलेल्या हवेमुळे जोर जातोय आणि इंटरकूलर बदलावा लागेल. मग तो सोमवारी पुण्याला नोकरीवर निघून गेला आणि तिथून रोज व्हिडिओ पाठवू लागला.

मी भोरमधल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एरवी घरात या शिक्षणाचा उपयोग मिक्सर बंद पडल्यावर मला हाक मारण्यापुरता होतो. या वेळी मात्र मामंजींनी मला समोर बसवलं आणि इंटरकूलर म्हणजे काय ते नीट सांगायला सांगितलं. मी सांगितलं. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, सायकलला हवा भरताना पंप तापतो तशी. तापलेली हवा विरळ असते, ती इंजिनात कमी मावते आणि जोर कमी पडतो. म्हणून वाटेत एक जाळी ठेवतात. गाडीच्या तोंडावर येणारा वारा त्या जाळीवरून जातो आणि आतली हवा निवते. ती जाळी म्हणजे इंटरकूलर. कंपनीनं बसवलेला असतोच, फक्त लहान असतो.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मोठा बसवला की झालं?"

मी म्हटलं, तसं नसतं. फार मोठा घेतला तर तो हवेनं भरायलाच वेळ लागतो. पाय दाबला तरी जोर उशिरा येतो. शिवाय तो पुढं, बंपरच्या तोंडावर बसवावा लागतो आणि त्याच्या मागं एसीची जाळी आणि रेडिएटर असतो, त्यांचा वारा अडतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं नाही तर फरकही फारसा पडत नाही. खरं तर त्या दिवशी गाडीत पाच माणसं आणि पोतं होतं, त्यामुळे काहीच बदलायची गरज नाही. पण अगदी बसवायचाच असेल, तर कंपनीच्याच जागेवर बसणारा, थोडा जाड, असा घ्यावा.

"पाहू," मामंजी म्हणाले. "प्रकरण विचाराधीन ठेवू." कचेरीत त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेली माणसं अजून भोरच्या बाजारात भेटतात. त्यांच्या चेहऱ्यावरून मला त्याचा अर्थ माहीत होता.

त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. जावयानं तोच व्हिडिओ त्यांनाही पाठवला होता. "तुज्या सासऱ्यानं म्हणं जाळी बसवायचं काढलंय," ते म्हणाले. "मग आपल्याला बी बसवायला पायजे. कुठली घिऊ?" मी त्यांनाही अगदी तेच सांगितलं, शब्दही बदलले नाहीत. त्यांनी लगेच ऐकलं. मुलीनं एवढं शिकून सांगितलंय म्हटल्यावर मोडायचं कसं. भावाला सांगून त्यांनी पुण्यातून कंपनीच्याच जागेवर बसणारा जाड इंटरकूलर बसवून आणला. मला फार बरं वाटलं. दोनच दिवसांनी त्यांचा परत फोन आला, तो तक्रारीचा. "आगं, पर दिसत न्हाई की त्यो. आतच ऱ्हातो. लोकान्ला काय दावायचं?"

मामंजींना दिसणाराच हवा होता. कापूरहोळच्या अलीकडे एक गॅरेज आहे, तिथं आम्ही गेलो. आम्ही म्हणजे ते, सासूबाई आणि मी. सासूबाईंना वाटेत डॉक्टरांकडे सोडायचं होतं, पण आधी गॅरेज झालं. गॅरेजवाले चाचा आदबशीर माणूस. गिऱ्हाइकाला हवं ते द्यायचं आणि वर त्याची निवड वाखाणायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी फळीवर दोन इंटरकूलर मांडले. एक पाटीएवढा, जाड आणि काळपट. दुसरा लांबरुंद, चकचकीत, दोन्हीकडे वाकड्या नळ्या असलेला. मामंजींनी काळपट उचलूनही पाहिला नाही. चकचकीतावर कलिंगडावर मारतात तशी टिचकी मारली आणि आवाजावरून त्यांचं समाधान झालं.

चाचा म्हणाले, "साहेब, हा घेतला तर बंपर कापावा लागंल. घरच्यांना इचारून घ्या."

"घरच्यांना काय विचारायचंय यात?" मामंजी म्हणाले. घरचे, म्हणजे सासूबाई आणि मी, त्यांच्या कोपराला कोपर लावून उभ्या होतो.

सासूबाईंनी एकच विचारलं, की एसी चालेल ना. त्यांना उन्हाचा त्रास होतो, आणि नवी गाडी घेताना एसी हे कारण त्यांच्याच नावानं सांगितलं गेलं होतं. चाचांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी इंटरकूलरकडे पाहिलं. प्रश्न तिथंच राहिला.

ज्या माणसानं नोकरीभर लोकांना "हे नियमात बसत नाही" म्हणून परत पाठवलं, त्यानं आपल्या कोऱ्या गाडीचा बंपर स्वतः उभं राहून कापून घेतला. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालतो का, हे मी वाटेत विचारलं. ते म्हणाले, "सूनबाई, प्रत्येक गोष्टीत कायदा काढू नये."

गाडी घरी आली तेव्हा तिचं तोंड हसल्यासारखं दिसत होतं. बंपरच्या फटीतून चांदीच्या दातांसारखी जाळी. मामंजी आता गाडी उलटी घालून, तोंड रस्त्याकडे करून लावू लागले. सकाळी दूध आणायला जाणारे थांबून बघत. एकानं विचारलं, साहेब, पुढं दुसरा एसी बसवला का. सासूबाई ओट्यापाशी होत्या. त्या मला म्हणाल्या, "होता तो गेला, आणि ह्यांना दुसरा दिसतोय." खरंच गेला होता. गाडी पळत असली की एसी बरा चालायचा. सिग्नलला, बाजारात किंवा चढावर तो नुसता वारा सोडायचा. मामंजी म्हणायचे की काचा खाली केल्यावर हवा किती छान लागते, ते लोक विसरलेत.

भातकापणीच्या दिवसांत आम्ही गुंजवण्याला गेलो, नवराही पुण्याहून आला होता. नव्या तांदळाचं जेवण होतं, दर वर्षी असतं. मार्गासनीच्या पुढं गावागावांत लोकांनी रस्त्यावरच भात पसरलं होतं. गाड्या वरून गेल्या की मळणी होते, म्हणून पेंढ्या आडव्या टाकतात. मामंजी त्यावरून मोठ्या रुबाबात गेले. अंगणात पोचलो तेव्हा जाळीच्या दातांत काड्या आणि तूस गच्च बसलं होतं. मी दाखवलं. ते म्हणाले, नंतर बघू.

कारण त्यांचं लक्ष तांबड्या गाडीकडे होतं. वडिलांनी आपणही बसवलाय असं फोनवर सांगितलं होतं. मामंजी वाकून बघत होते, बाजूनं बघत होते. काही दिसेना. वडील म्हणाले, आत आहे. मामंजी म्हणाले, असेल, असेल. दोनदा म्हणाले. वडिलांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीचा राग मला स्पष्ट दिसला. मुलीचं ऐकलं आणि व्याह्यासमोर खोटा ठरलो.

"पाव्हणं," वडील म्हणाले, "जेवायच्या आदी घाटात चक्कर मारून येऊ. तुमी फुडं व्हा."

मामंजी तयारच होते. आईनं सांगितलं, भात उतरलाय, निवेल. कुणी ऐकलं नाही. मामंजींनी सासूबाईंना आणि मला गाडीत बसवलं. बहुधा फरक पाहायला साक्षीदार हवे होते. नवरा माझ्या वडिलांच्या गाडीत बसला. तू कुणाच्या बाजूनं, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे वाक्य त्यानं लग्नाआधीच पाठ करून ठेवलं असावं.

घाटाच्या पायथ्याशी मामंजींनी गाडी जोरात सोडली. सुरुवातीला खरंच बरी पळाली. त्यांनी आरशात मागं पाहिलं आणि हसले. पण वळणावर गाडी हळू झाली, की पुन्हा पाय दाबल्यावर ती आधी थोडा विचार करायची आणि मग उठायची. पुढच्या वळणावर पुन्हा तोच विचार. एसीनं वारा सोडायला सुरुवात केली. सासूबाईंनी काच खाली केली आणि पदर डोक्यावर घेतला. तापमानाचा काटा वर चढत होता. मी म्हटलं, मामंजी, काटा बघा. ते म्हणाले, घाटात चढतोच तो. मग बंपरच्या बाजूनं एक मोठा फुसकारा आला, ट्रकचा ब्रेक सोडावा तसा, आणि गाडीतला सगळा जोर एकदम गेला. मागून काळा धूर. नवा पाईप इंटरकूलरच्या तोंडावरून निसटला होता.

वडिलांची गाडी बाजूनं पुढं गेली. त्यांनी या वेळी हात जोडले नाहीत. त्यांना वाटलं, आम्ही देखावा बघायला थांबलोय.

मामंजी उतरले आणि बॉनेट उघडून उभे राहिले. काय बघायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण ते फार गंभीरपणे बघत होते. मी सांगितलं की पाईप निसटलाय, निवल्यावर परत चढवून क्लिप आवळावी लागेल. ते म्हणाले, चाचांना फोन लावतो. रेंज नव्हती. उन्हात सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. मी त्यांना दगडांचं डबर टाकलेल्या कडेला झाडाखाली बसवलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन त्या रस्त्याकडे बघत बसल्या. 

वरून एसटी आली, वेल्ह्याला जाणारी. सासूबाई उठल्या, रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि हात आडवा केला. गाडी थांबली. त्यांनी मामंजींना सांगितलं, "तुम्ही तुमच्या जाळीपाशी थांबा. आम्ही जेवायला चाललो." आणि पायरी चढल्या. मीही चढले. कंडक्टरनं काही न विचारता पुढची सीट मोकळी करून दिली. खिडकीतून गार वारा येत होता. सासूबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. वेल्ह्याला उतरून आम्ही जीप पकडली आणि आईनं परत गरम करून वाढलेलं जेवून घेतलं. आई, सासूबाई आणि मी, तिघी एकत्र. असं जेवण त्याआधी कधी झालं नव्हतं. एरवी पुरुषांची पंगत आधी.

पुरुष उन्हं उतरल्यावर आले. वडिलांच्या गाडीनं पांढरी गाडी दोरानं ओढत आणली होती. मी मनाशी म्हटलं, आता मामंजींचा चेहरा पडलेला असेल, वडील तोऱ्यात असतील. तसं काही नव्हतं. दोघं हसत हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. घाटात बसल्या बसल्या त्यांचं बोलणं झालं होतं आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. वडिलांनी मला ते सांगितलं, अगदी प्रेमानं.

"बाय, तुजं पुस्तकातलं शिक्षान येगळं. तू धड सांगितलं असतंस तर ह्यांचा पायप सुटला नसता, आन् माजा बी भायेर दिसला असता."

मामंजी मान हलवत म्हणाले, "अनुभव लागतो, सूनबाई." माझा नवरा त्यांच्या मागं उभा होता. तो मोबाईलमध्ये बघत होता.

मी भात वाढला. निवलेला. आईनं गरम करून देते म्हटलं, तर सासूबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं.

पांढऱ्या गाडीचं तोंड अजून तसंच हसतंय. चाचांनी पाईपला जाड क्लिप लावून दिली आणि आता इंजिनाचं सेटिंग बदलल्याशिवाय खरा फरक कळणार नाही, असं सांगितलं. तेही प्रकरण विचाराधीन आहे. वडिलांनी तांबड्या गाडीच्या बंपरवर, बाहेरून, इंटरकूलर असा शब्द असलेलं स्टिकर लावून घेतलंय. आणि गुंजवण्याला जायचं ठरलं, की मामंजी गाडी पुसायला घेतात तोवर सासूबाई पिशवी घेऊन एसटी डेपोकडे चालू लागतात. मला दारातून हाक मारतात, "येतेस ना?" मी जाते.