अनंताची फुलं आणि शेजारीण

अनंताला पाण्याची ओढ पडली की तो आधी पानं टाकत नाही, कळ्या टाकतो. टपोऱ्या, उद्या उमलतील अशा कळ्या सकाळी डब्याखाली पडलेल्या दिसायच्या आणि मला इतका संताप यायचा की मी त्या झाडाला चक्क शिव्या द्यायचे. शाळेत मुलांना ज्या देता येत नव्हत्या, त्या सगळ्या त्याच्या वाट्याला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत कामतघरच्या एका बैठ्या चाळीत मी एकटी राहत होते. नवरा काविळीने गेला होता. सासरच्यांनी, तुझी नोकरी आहे, तू तिथेच राहा, असं गोड शब्दांत सुचवलं होतं. माहेर अंजूरला. तिथल्या कुंपणातल्या अनंताची फांदी मी पावसाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि दारात तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे, वर माती आणि शेणखत. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, जे त्याला मानवेल ते घातलं. पानं पिवळी पडली तेव्हा कुणीसं म्हणालं म्हणून गंजके खिळेही पुरले. आमच्याकडे मोठा त्रास कापडाच्या यंत्रमागांचा. चहूबाजूंनी दिवसरात्र माग खटखटत आणि त्यातून उडणारं कापसाचं तूस पानापानावर बसे. मी फडकं ओलं करून एकेक पान पुसत असे. चाळीतल्या बायका हसायच्या. बाईंनी मूल न्हाऊ घातल्यासारखं चालवलंय, म्हणायच्या. हसू देत. मला संध्याकाळी दुसरं काम तरी काय होतं?

खरं सांगायचं तर मी ते झाड फुलांसाठी वाढवलंच नव्हतं. पहिल्या वर्षी चार फुलं आली आणि चार बायका दारात आल्या, तेव्हाच मला कळलं की हे झाड म्हणजे माझ्याकडे माणसं यायची वाट आहे. चैत्रापासून पावसापर्यंत सकाळी कुणी ना कुणी यायचं, दोन शब्द बोलायचं, फूल तोडून तिथेच अंबाड्यात खोचायचं आणि जायचं. बहर सरला की माझं दार पुन्हा सुट्टीतल्या शाळेसारखं सुनं. म्हणून कळ्या गळल्या की मी चिडायचे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोरची बाई आठवणीने सांगायची, "बाई, सांजच्याला हळदीकुंकू हाय. धा-बारा अनंत पाठवून द्या." पाठवून द्या. घेऊन या, असं कधी नाही. मी फुलं ताटलीत रचून तिच्या मुलीच्या हाती द्यायचे आणि भिंतीपलीकडचं बांगड्यांचं, हसण्याचं ऐकत वह्या तपासायचे.

मग शेजारच्या खोलीत उत्तरेकडून आलेलं एक मुसलमान जोडपं राहायला आलं. तो मागावर, कधी दिवसाची शिफ्ट, कधी रात्रीची. ती माझ्याहून लहान, बडबडी. मला बहनजी म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, बहनजी, आपके आदमी? माझं हिंदी बेतास बात. मी म्हटलं, "नहीं हैं." तिने समजून मान हलवली. तिच्या गावात निम्म्या बायका एकट्याच राहायच्या, त्यांचे नवरे भिवंडीला. माझाही असाच कुठे लांब कामाला असणार, असं ती धरून चालल्याचं मला पुष्कळ दिवसांनी उमगलं.

उमगलं ते एका रविवारी. मी नाहून दारात केस वाळवत बसले होते. ती कपडे धुऊन आली, ओल्या हातानेच एक टपोरं फूल तोडलं आणि मला वाटलं, स्वतःसाठी घेतलं. पण ती माझ्या मागे बसली, केसांत बोटं घालून गुंता सोडवला, सैलसा अंबाडा बांधला आणि त्यात ते फूल खोचलं. मग हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "ऐसे ही रखा कीजिए. वो आएँगे तो खुश हो जाएँगे."

चार वर्षांत माझ्या डोक्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. नळावरच्या बायका बघत होत्या. एकीची कळशी भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं. मी उठले नाही आणि फूलही काढलं नाही. संध्याकाळपर्यंत ते पिवळसर पडलं, तरी वास सुटतच होता. त्या दिवशी मी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघत होते तेव्हा ती दारात आली. डोळे सुजलेले. नळावरच्या बायकांनी तिला सगळं सांगितलं होतं, वर चांगलं झापलंही होतं. "माफ करना, बहनजी," ती म्हणाली. "मुझे पता नहीं था. अब कभी नहीं होगा."

तिला सांगावंसं वाटलं, अगं, होऊ दे. पण तोंडून निघालं, कोई बात नहीं.

ती शब्दाला जागली. ईदला शेवया आणून दिल्या, मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसली, नवऱ्याकडून झाडासाठी नवा डबा आणवला. पण बसायची ती हातभर अंतर ठेवून, बोलायची ती आवाज खाली करून, माझं दुःख दुखावेल की काय अशा बेताने. पुढच्या बहरात एकदा दार लावून मी स्वतःच फूल माळायला गेले. पाप वगैरे काही वाटलं नाही, पण हात खाली आला. मला हवी होती ती तिची ओली बोटं, आणि तेवढी सोडून ती मला काहीही द्यायला तयार होती.