वाकड्या वाती

दादाचा फोन आला तेव्हा मी गराडूचा कंद चिरत बसले होते. हाताला खाज सुटू नये म्हणून तेल चोपडलेलं, त्यामुळे फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा कसाबसा कोपराने उचलला. "अगं, शैला नाही राहिली," दादा म्हणाला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. आज धारला त्यांच्या घरी कुकर कोणी लावला असेल, हाच विचार माझ्या मनात आधी आला. रडू आलं ते फार नंतर, इंदूरला बस बदलून धारच्या गाडीत उभी होते तेव्हा. एका अनोळखी बाईने "जीजी, बैठ जाओ" म्हणून सरकून जागा दिली आणि माझा बांध फुटला. त्याला आता दीड महिना झाला. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. तीन वर्षं वहिनींना नक्की काय होत होतं, ते तिथेही लिहिलेलं नाही.

शैलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होते, त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. पण आमच्या घरची रीत जुनी. त्या मला 'वन्सं' म्हणत आणि अहो-जाहो करत, मीही त्यांना 'तुम्ही'च म्हणे. चाळीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींना मान देऊन कडकडून भांडलो. मी देवासला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि वाकडं काही दिसलं की सरळ करायला माझे हात शिवशिवत. वहीतली ओळ असो, टॉवेलची घडी असो की दुसऱ्याचा संसार असो. "वन्सं, मास्तरीणबाई तुम्ही तुमच्या शाळेत. माझ्या डब्यांना हात लावायचा नाही," असं वहिनी मला तोंडावर सांगत. त्या धारच्या पोस्टात नोकरीला होत्या आणि त्यांचं वेड वेगळंच होतं, तारखेचं. लोणच्याच्या बरणीवर तारीख, नव्या झाडूच्या दांड्यावर तारीख, माझ्या पत्राच्या कोपऱ्यात ते मिळाल्याची तारीख. तारीख नसलेल्या कागदावर त्यांचा विश्वासच नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लक्षवातींचा नेम धरला. आमच्यातल्या काही घरांत ही पद्धत अजून आहे. कापसाच्या लाख वाती हाताने वळायच्या, त्याला लागतील तेवढी वर्षं लागू द्यायची, आणि पुऱ्या झाल्या की तुपात भिजवून एकदम देवापुढे लावायच्या. वहिनी दुपारी चहाच्या आधी पायरीवर बसत, भस्माचं बोट लावत आणि वळायला लागत. एक वात दुसरीहून तसूभर लांब नाही. माझी आई माझ्या वाती बघून "ही वात आहे की सुरवंट?" म्हणायची आणि सुनेच्या वाती शेजारणींना दाखवायची. त्याचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. रोजच्या वातींची वहिनी वेगळी पुडी बांधत आणि वर तिथी घालत. त्या सगळ्या पुड्या बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात रांगेने लावलेल्या असत.

आजाराची सुरुवात हसण्यावारी गेली. वहिनी बाजारातून आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून. उजवी वाटेत कुठे निसटली, त्यांना कळलंच नव्हतं. दादा मागे जाऊन ती भाजीवाल्यापाशी पडलेली उचलून घेऊन आला, आणि आम्ही त्यांना आठवडाभर चिडवलं. मग अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. मग सबंध हात. "वन्सं, हा हात कुणीतरी माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेलंय असं वाटतं हो," त्या एकदा म्हणाल्या. कधी दुपारी जीभ जड व्हायची आणि चहाच्या वेळेपर्यंत पुन्हा मोकळी. कधी चार-चार दिवस काहीच नाही, अगदी ठणठणीत. आणि इंदूरच्या डॉक्टरसमोर जाऊन बसल्या की नेमक्या ठणठणीत. मेंदूचा एमआरआय दोनदा झाला, नसांना करंट लावून बघितलं, रक्ताच्या बाटल्याच्या बाटल्या गेल्या. सगळं नॉर्मल. "माताजी, बिल्कुल फिट हो. टेन्शन मत लिया करो," डॉक्टर म्हणाले, आणि दादा इतका खूश झाला की त्याने येताना पेढे आणले. गल्लीत वाटले. लोक वहिनींचं अभिनंदन करून गेले. सगळे गेल्यावर त्या हातातल्या पेढ्याकडे बघत म्हणाल्या, "झालं. आता मला आजारी पडायचीही चोरी."

त्यांना बरं व्हायचं होतंच, पण त्याहूनही आधी त्यांना काय हवं होतं ते मला फार उशिरा कळलं. कुणीतरी त्यांच्या हाताकडे बघून 'हो, होतंय तुम्हाला काहीतरी' एवढंच म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. आम्ही मात्र उपायांच्या मागे लागलो. होमिओपॅथीच्या गोळ्या झाल्या, धरमपुरीच्या एका बाईंकडून तेलाचं मालिश झालं, गहू बंद झाला, मग दूध बंद झालं, मग एकाने दोन्ही पुन्हा सुरू करायला सांगितलं. श्वासाचे प्रकार मी स्वतः बसून शिकवले, खडूस मास्तरीणबाईंसारखे. मग कुणीतरी नेमावरच्या एका वैद्यांचं नाव सांगितलं. नर्मदेकाठी दोन खोल्या, तुळशीच्या कुंड्या, जमिनीवर सतरंजी. ते सबंध माणसाला तपासतात, नुसत्या रिपोर्टला नाही, असं ऐकलं होतं आणि ते खरंच होतं. पहिल्या भेटीत त्यांनी दीड तास विचारलं. झोप कशी, स्वप्नं कसली, कुठली चव आवडेनाशी झाली, नोकरीत उभं राहायचं काम होतं का बसायचं. दादा मध्ये बोलायला गेला तर त्यांनी हाताने थांबवलं. "भैयाजी, उनको बोलने दीजिए." परत येताना वहिनी गाडीत गुणगुणत होत्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. निघताना वैद्य म्हणाले होते, "रोज़ का हाल लिखकर लाइए माताजी, कब हाथ चला, कब नहीं चला." त्यावर वहिनी हसून म्हणाल्या होत्या, "वो तो मेरे पास सब रखा है, महाराज. तारीख के साथ."

ते काय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, असेल कुठलीतरी वही.

पुढच्या भेटीआधी आठवडाभर मी धारला राहायला गेले, मदत करायला म्हणून. वहिनी दुपारी औषधाने झोपत. मी रिकामी. मी तो डबा उघडला. जुन्या पुड्यांतल्या वाती त्यांच्या हातच्या होत्या तशाच. पण गेल्या वर्षभराच्या पुड्या वेगळ्याच निघाल्या. एकीत अर्ध्या सरळ, अर्ध्या पीळ सुटलेल्या. एकीत सगळ्या गाठाळ. एकीत फक्त सात. देवापुढे या लावणार? लाखाचा नेम, आणि त्यात हे? बाईला दिसत नसेल, किंवा दिसून लाज वाटत असेल, म्हणून बोलत नसेल, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. चार दुपारी बसून मी त्या सगळ्या वाती उकलल्या आणि नव्याने वळल्या. ज्या उकलेनात त्या समईत जाळून टाकल्या, कमी पडल्या तिथे नवा कापूस घेतला. माझा हात आता बरा चालायला लागला होता. प्रत्येक पुडी त्यांच्याच कागदात, त्यांच्याच तिथीखाली, पुन्हा बांधून रांगेत ठेवली. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी फार पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. आणि थोडंसं आईला जिंकल्यासारखंही.

नेमावरला जाताना वहिनींनी तो डबा मांडीवर घेतला. प्रसादाला असेल, असं मला वाटलं. वैद्यांसमोर बसल्यावर त्यांनी झाकण काढलं आणि डाव्या हाताने एक पुडी पुढे केली. "ये देखिए महाराज, हर दिन की अलग रखी है. ये चैत की, तब तक ठीक था. और ये आषाढ़ की, इसमें देखिए हाथ कैसा..." त्यांनी पुडी सोडली. आत सरळ, एकसारख्या वाती. त्यांनी दुसरी सोडली. तिसरी सोडली. चौथी सोडताना त्यांची बोटं अडकायला लागली, तेव्हा वैद्यांनी स्वतः सोडून दिली. त्यांनी एक वात उचलून उजेडात धरली आणि अगदी मायेने म्हणाले, "माताजी, हाथ तो आपका बहुत सुंदर चल रहा है. मन को थोड़ा शांत रखिए." इंदूरचं वाक्य ते हेच, फक्त आवाज गोड. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पोस्टाच्या खिडकीशी एखादा चुकीचा फॉर्म भरून आला की बघत असतील तसं. मला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. दादा शेजारी बसला होता, वैद्य बसले होते, आणि आयुष्यभर वर्गासमोर बोललेल्या माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही... वैद्यांनी मन शांत ठेवायचा काढा लिहून दिला.

परतीला कन्नौदला चहाला थांबलो. दादा उतरून गेला. गाडीत आम्ही दोघीच. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाती छान झाल्यात, वन्सं. सासूबाईंना आवडल्या असत्या." एवढंच. पुढे दोन-अडीच महिन्यांत त्यांचं चालणं गेलं, मग घास गिळताना ठसका लागायला लागला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. मी माफी मागितली नाही. दिवाळीनंतर मी एकटी नेमावरला जाऊन वैद्यांना सगळं सांगून आले. ते म्हणाले, "ले आइए उनको." मी म्हटलं, आता गाडीत बसवत नाही त्यांना. मग ते म्हणाले, "बहनजी, सच कहूँ? तब देख लेता तो भी क्या कर पाता, मालूम नहीं." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्यामुळे गेल्या असं म्हणावं तर तेही खरं नाही, आणि माझा काही दोष नाही म्हणावं तर तेही नाही. या दोन्हींच्या मध्ये कुठे बसायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

तेराव्यानंतर दादाने तो डबा माझ्या हातात दिला. "नेम पुरा नाही झाला गं. तू बघ आता काय करायचं ते." आणि डब्यासोबत एक खाकी पाकीट. वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली सापडलं म्हणाला. उघडलं तर आत पुड्या. नेमावरहून आल्यावरच्या. माझ्या नजरेआड, मी पुन्हा सरळ करीन म्हणून लपवून, त्या वळतच राहिल्या होत्या. पहिल्या पुडीत पाच वाती, मग तीन, मग एक. तिथीची अक्षरं दर पुडीला मोठी आणि तिरकी होत गेलेली. शेवटच्या पुडीत वात नाहीच. कापसाचा एक बोळा आहे आणि त्यावर अंगठ्याने दाबल्याची खूण. तिथी मात्र घातलेली आहे.

ते पाकीट आता देवासला माझ्या देवघरात आहे. परवा शेजारच्या मालवी काकी वाटीभर साखर मागायला आल्या, तर मी त्यांना धरून बसवलं आणि एकेक पुडी सोडून दाखवली. ही कार्तिकातली, ही मार्गशीर्षातली, हर दिन की अलग रखी है. बिचाऱ्या साखर मागायला आलेल्या. पण त्यांनी सगळ्या नीट बघितल्या. तो बोळा तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "जीजी, इनके हाथ में तो घणी तकलीफ रही होगी." मोठमोठ्या मशिनींसमोर झोपून, सतरंजीवर बसून, आमच्यासमोर तर रोजच, वहिनी ज्या वाक्याची तीन वर्षं वाट बघत होत्या, ते हे वाक्य. काकी साखर घेऊन गेल्या. मी पुड्या बांधल्या, होत्या तशाच. हात शिवशिवत होते, पण एकही वात सरळ केली नाही.