ताईला मी वाट पाहायला लावलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, नवऱ्याला नाही — प्रार्थनेतसुद्धा याच्या आसपास फिरून परत यायचे. तुला सांगते. ऐकून घे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी शिवडीला क्षयाच्या दवाखान्यात होते. नऊ महिने. सख्खी बहीण भोईवाड्यात, चालत यावं इतकी जवळ — आली नाही. मी मनाला समजवायचे, रस्त्यावर गोळीबार, संचारबंदी, कशी येईल? पण चर्चच्या मंडळीतलंही कुणी कसं फिरकत नाही? मग एका नर्सकडून कळलं. ताईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, धाकटी नगरला मावशीकडे गेलीय. तिच्या लेकीचं लग्न जुळत होतं ना. घरात क्षय आहे म्हटल्यावर कोण सोयरीक करणार?

म्हणजे मी जिवंतपणीच पुसली गेले होते. प्रार्थना सोडली. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून देवाला विचारलं, "तूही मला नगरला धाडलंस का?" आणि — कसं सांगू — खाटेच्या कडेला कुणी येऊन बसावं तसं वाटलं. बोललं कुणी नाही. पण त्यानंतर मी एकटी नव्हते. त्याच आधारावर तगले, बरी झाले.

इथपर्यंतची गोष्ट मी चर्चमध्ये कितीदा तरी सांगितलीय. पुढची नाही.

दोन वर्षांनी ताईला पोटाचं दुखणं लागलं, बरं न होणारं. लेक नागपूरला सासरी, भाऊजी सत्याग्रहात तुरुंगात. तिच्या शेजारच्या काशीबाई — वर्षभरापूर्वी बौद्ध झालेल्या — गिरगावात माझ्या खोलीवर आल्या.

"तुजंच नाव घेती गं ती. म्हनती, देव मला इसरला. तुला आधाराचं कायतरी ठावं हाय म्हनं. तेवढं सांगायला ये."

मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "उद्या येते."

नाही म्हटलं असतं तर तिने आशा सोडली असती. ते मला नको होतं. तिने वाट पाहावी, रोज, मी पाहिली तशी — हे हवं होतं. काशीबाई तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी "उद्या" म्हटलं.

"खोटं बोलू नगं पोरी," तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या. "कडी वाजली की मान वर करती ती."

ते ऐकून मला बरं वाटलं. ऐकतेयस ना? बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी इस्त्रीचं पातळ नेसले आणि उपासनेत उभी राहून साक्ष दिली — एकटीला देव कसा भेटला याची. बायका रडल्या. मीही रडले. तेव्हा ताई दाराकडे बघत पडली होती आणि मला ते माहीत होतं.

मंगळवारी ती गेली. मी पोचले तेव्हा काशीबाई तिचे केस विंचरत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला तुमची प्रार्थना येत न्हाई. नुसता हात धरून बसले."

जे मला फुकट मिळालं होतं, ते मी बहिणीला दिलं नाही. विसरले नव्हते, घाबरले नव्हते, वेळ नव्हता असंही नाही. सूड म्हणून दिलं नाही.