आत्याचं मशीन आणि शेजाऱ्यांचा सोफा

दिवाळखोर हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांशी मी अजून भांडते. धंदा बुडाला म्हणजे माणूस चोर झाला का?

माझी आत्या खारबावची. लग्न होऊन भिवंडीत आली आणि नवरा गेल्यावर चाळीतल्या खोलीत पेटीकोट-गाऊन शिवून धंदा उभा केला. ज्या व्यापाऱ्याला माल द्यायची तो एका सकाळी गाळ्याला कुलूप लावून पसार झाला. कापड उधारीवर आणलेलं, वर कर्ज. वसुलीवाला दारात उभा राहून दम द्यायचा, "अंगावरची साडी सोडून सगळं उचलू." आत्या त्याला चहा द्यायची आणि पाठ फिरली की त्याची नक्कल करायची. भीती तिला एकाच गोष्टीची होती. तिचं पायाने चालवायचं काळं शिलाई मशीन.

"बाकी नेऊ दे गं. पण ह्ये गेलं तर मी खाऊ काय?"

मी तेव्हा आमच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. लिहायचे म्हणजे कागदावर ओरडायचे. त्यातलंच एक तिला वाचून दाखवलं: माणूस कर्जात बुडाला तरी त्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण, रांधायची भांडी, बाईचं मंगळसूत्र आणि गहाण नसलेली धंद्याची हत्यारं कुणाच्या बापाला नेता येत नाहीत!

"कुणाच्या बापाला, असं कायद्यात लिवलंय?"

"ते माझं आहे. बाकी कायद्यातलं."

मग आत्याने कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणं शक्य नाही असा, अर्ज केला. कोर्टाने एक रिसीव्हर नेमला. त्याने घरी येऊन वस्तूंची नोंद करायची, कायद्याने सुटणाऱ्या वस्तू बाजूला ठेवायच्या आणि बाकीच्या विकून ज्यांचं देणं आहे त्यांना वाटायचं. त्याच्या येण्याच्या दिवशी मी अंबाडीहून आदल्या रात्रीची सभा आटोपून सकाळीच पोचले. दार उघडलं आणि वाटलं, खोली चुकले.

समोर मखमली सोफा. कोपऱ्यात फ्रिज, त्यावर प्लास्टिकची फुलं. भिंतीवर मोराचं घड्याळ. आत्या नव्या साडीत, केसात कुणीतरी माळलेला गजरा.

आत्याच्या चाळीची ही रीतच. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की अख्खी गॅलरी आपापल्या घरातलं चांगलं सामान तिथे नेऊन मांडते आणि त्या घरातलं जुनंपानं आपल्याकडे लपवते. पाहुणे गेले की सगळं आपापल्या जागी. आत्या बिचारी एवढंच बोलली होती की कोर्टातले साहेब घर बघायला येतायत. बाकी सगळं चाळीने केलं.

"मशीन कुठाय?" मी ओरडले.

"भाभीच्या मोरीत," आत्या म्हणाली. "गंजलंय ना, साहेबांपुढं बरं न्हाय दिसत."

शेजारची भाभी, जिचा नवरा कापडाच्या लूमवर नाइट शिफ्ट करतो, हात पुसत आली. "अरे, इज्जतदार आदमी आ रहा है. काली पतीली दिखाएँगे क्या उसको?"

"भाभी, काली पतीलीच दाखवायची! ती कायद्याने सुटते. तुमचा फ्रिज नाही सुटत. तो आत्याच्या नावाने लिहिला जाईल आणि विकला जाईल. आणि मशीन तुमच्या मोरीत सापडलं तर म्हणतील हिने माल लपवला!"

भाभीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हाय अल्ला, मेरा फ्रिज!"

मग जी पळापळ झाली ती माझ्या कुठल्याच मोर्चात झाली नसेल. घड्याळ एका खिडकीतून गेलं, टोप दुसरीतून आला. गोधड्या आल्या. सोफा मात्र दारात आडवा अडकला, आणि त्याच वेळी सोफ्याच्या पलीकडे, बॅग छातीशी धरून, रिसीव्हर उभे.

"हा सोफा आत येतोय की बाहेर जातोय?" त्यांनी विचारलं.

मी तोंडातल्या तोंडात एक कलम जुळवत होते. आत्या सोफ्यावरून वाकून म्हणाली, "साहेब, खोटं बोलत न्हाय. ह्यो सोफा माझा न्हाय. तुमच्यासाठी मांडला व्हता. माझं ते बघा, मागून येतंय." मागे भाभी मशीनचं मुंडकं कडेवर पोरासारखं घेऊन उभी होती.

साहेब हसले नाहीत. सोफा ओढून घेतल्यावर त्यांनी एकेकाला बोलावून ज्याची वस्तू त्याच्या तोंडून वदवून घेतली. घड्याळवाले आले, सोफेवाले आले. भाभी फ्रिजवर हात ठेवून म्हणाली, "ये हमारा है. मतलब, हप्ते बाकी हैं, अभी आधा दुकानवाले का है."

तेव्हा मात्र साहेबांना हसू आवरलं नाही.

मग ते मशीनकडे वळले. खालच्या लोखंडी स्टँडला जोडून उभं केलेलं, ओलं, पट्टा निसटलेला. "हे गहाण आहे?"

"न्हाय."

"चालवता तुम्हीच?"

आत्या बसली, पट्टा चढवला, भाभीच्या ओढणीच्या निघालेल्या काठावरून टीप मारली. खोलीत तेवढाच आवाज. साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: धंद्याचं हत्यार, सोडलं. भांडी, गोधड्याही सोडल्या.

खोलीतला टीव्ही मात्र आत्याचा स्वतःचाच होता. तो नोंदीत गेला. "जाऊ दे," ती म्हणाली, "त्यातल्या सासवा माझ्यापेक्षा जास्त रडायच्या."

संध्याकाळी सोफेवाले काका कव्हर घेऊन आले. दारात अडकताना ते उभं फाटलं होतं. "वहिनी, एवढं शिवून द्या. तुमच्यासाठीच फाटलं, मग पैसे कसले?"

आत्याने सुईत दोरा ओवला.

"पैसे द्यायचे, भावजी. कोर्टानं सांगितलंय, धंद्याचं मशीन हाय. फुकट शिवलं आणि साहेब परत आले तर?"

काकांनी खिशात हात घातला.