किडनीच्या रिपोर्टची वाट

मंगळवार, २१ एप्रिल. सकाळी सातलाच उन्हाचा चटका, वारा अजिबात नाही.

केमोच्या आधी रक्त आणि किडनी तपासतात. रिपोर्ट नीट आला तरच डोस. तोवर बाकावर वाट बघायची, आणि वाट बघणारी माणसं बोलतात. ही वही मी माझ्या आकड्यांसाठी केली होती. आता तिच्यात किस्सेच जास्त झालेत.

सांगोल्याच्या काशीबाईंना माझ्यासारखंच लोह कमी. पहिल्या दिवशी चार नळ्या रक्त काढलं, तेव्हा त्या लॅबच्या ताईंना म्हणाल्या, "रक्त कमी हाय म्हणून आले, अन् तुमी हाय तेबी काढून घ्या की!"

त्यांचं हिमोग्लोबिन महिनाभर हलेना. चौकशीत कळलं, लोहाची गोळी त्या चहाबरोबर घेत. चहामुळे लोह अंगी लागत नाही, दोन्ही एकत्र चालणार नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तर गोळी कवापासनं बंद करू?"

माझ्या तोंडाची चवच गेलेली. एकदा शेजारच्या डब्यातून शेंगा चटणीचा वास आला. खाववली नाही. वहीत तेवढं लिहिलं : आज वास आला.

अक्कलकोटकडचे शिवप्पा मामा तीन महिने दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत माझ्याच खोलीत आहेत. एकच डोस उरलाय, मग घरी. घरी म्हैस व्यालीय. रेडकू अजून पाहिलेलं नाही. रोज संध्याकाळी नातीला फोन गोठ्यात धरायला सांगतात आणि डोळे मिटून ऐकत बसतात.

शेवटच्या डोसआधी त्यांना चोवीस तासांची लघवी डब्यात साठवून द्यायची होती. रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. "मामा, ही किडनी तर तालमीतल्या पैलवानाची दिसतेय."

खोदून विचारल्यावर उलगडलं. डबा अर्धाच भरला होता. कमी दिसला तर डोस अडेल, अशी मामांना धास्ती. भेटायला आलेल्या जावयांनी हातभार लावला होता.

"अहो, मग नको म्हणायचं ना त्यांना!"

"आपनहून म्हनले, मी हाय की. जावयाला न्हाय कसं म्हनायचं, सायेब?"

डॉक्टर हसले आणि नवा डबा दिला. तो मामांनी एकट्यानं भरला. रिपोर्ट आज अकराला आला. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळायची ताकद, ३८. डोससाठी साठ तरी लागते. डोस दिला नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.