कारखान्याच्या गाळाची राख

माझी अक्षरओळख कामगार संघटनेच्या पत्रकांवर झाली. वडील संपाची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी झोपायचे. त्यामुळे आकुर्डीत आमच्या घरामागच्या कारखान्यानं गाळ फुकट वाटायला सुरुवात केली, तेव्हा मीही पत्रकच काढलं.

त्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांना हौदात बुडवून धातूचा मुलामा देत. त्या हौदांचं पाणी आणि संडासांचा मैला एकाच खड्ड्यात जायचा. खड्डा भरला की वाळलेला गाळ ट्रॅक्टरनं गावात येई. बायका तो शेणात कालवून गोवऱ्या थापत. मैल्याची किळस कुणालाच नव्हती. आगीत सगळं शुद्ध होतं, ही ठाम समजूत.

‘मैला जळतो, धातू जळत नाही,’ मी लिहिलं. ‘शिसं आणि कॅडमियम धुरातून छातीत जातं, क्रोमियम राखेत उरतं.’ कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकत होते. पत्रक आधी आईला वाचून दाखवलं. ती त्याच राखेनं भांडी घाशीत होती. तिच्या बोटांना भोकं पडल्यासारख्या जखमा झाल्या होत्या, महिना झाला तरी भरत नव्हत्या.

"लई शिकलीस गं. पन तुझ्या कागदावर चूल किती येळ जळंल?"

मी पत्रक कारखान्याच्या फाटकावर चिकटवलं. तिसऱ्या दिवशी तिथले इंजिनिअर घरी आले.

"ताई, उगीच लोकांना घाबरवू नका," ते मला म्हणाले. "गाळ अगदी निर्धोक आहे."

"मी तेच म्हणते साहेब!" आई खूश झाली. "आमी तर दातबी ह्याच राखंनं घासतो." तिनं कौतुकानं राखेची वाटी पुढं केली. "बघा, कशी मऊ हाय."

साहेबांनी हात मागं घेतला आणि पँटला पुसला. वाटीला तो लागलाही नव्हता.

आई त्या हाताकडं बघत राहिली.

"न्हाई, घासून तर बघा," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "निर्धोक हाय न्हवं?"

"मी घरून घासून आलोय," म्हणत साहेब उठले.

त्याच दुपारी आईनं गोवऱ्यांचा ढीग मोडला. मला हात लावू दिला नाही. पाटी डोक्यावर घेऊन निघाली, मागून शेजारच्या दोघी निघाल्या. फाटकासमोर पाट्या उलट्या झाल्या, तसा वॉचमन धावत आला.

"अहो मावशी, हे काय?"

"जळान हाय. तुमच्या साहेबाच्या घरी धाड," आई म्हणाली, आणि दुसरी पाटी भरायला वळली.