मला सोडून तिला

कॉलेजात तिला सगळे ताईच म्हणत, अगदी तिच्या वर्गातली मुलंसुद्धा. पहिल्या वर्षी एक मैत्रीण परीक्षेच्या धास्तीने भर वर्गात थरथरायला लागली, तेव्हा 'नाटकं करते' म्हणून बाकीचे हसले होते. ते हसणं ताईला लागलं. तिने प्राचार्यांच्या मागे लागून प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली मिळवली, दोन खुर्च्या टाकल्या, आईकडून पडदा शिवून आणला आणि दारावर पाटी लावली, 'बोलायला या'. कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी काही मुलामुलींना शिकवलं. ऐकायचं कसं, उपदेश कुठे गिळायचा, आणि कोणाला ताबडतोब त्यांच्याकडे आणायचं. ताई वर्गावर्गांत जाऊन बोलायची. ताप आला तर आपण लाजतो का, मग मन आजारी पडलं तर का लाजायचं, असं विचारायची. टाळ्या पडायच्या.

पण खोलीत मुलं यायची ती पेंगीकडे.

पेंगी दुसऱ्या वर्षाची, बाईंनी शिकवलेल्यांपैकीच एक. डोळे कायम अर्धे मिटलेले, म्हणून हे नाव. सलग दोन वाक्यं बोलली तरी वर्गात बातमी व्हायची. मुलं पडद्यातून डोकवायची आणि आत ताई दिसली की विचारायची, "ती नाही का आज?" ताई हसून 'उद्या आहे' सांगायची आणि आतल्या आत जळायची. खोली मी मिळवली, पडदा माझ्या आईचा, आणि ही आयती येऊन बसते. एकदा तर तिने पडद्याबाहेर उभं राहून कान दिला. पेंगीचं 'हं' सोडून काही ऐकू आलं नाही, त्याचाच जास्त राग आला.

एका बुधवारी, पेंगीच्या पाळीच्या दिवशी, खोलीबाहेरच्या बाकावर तिला ओळखीची बॅग दिसली. चेन तुटलेली, तिच्या जागी आईने लावून दिलेली बटणं. धाकट्या भावाची होती. तो त्याच वर्षी कॉलेजात आला होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ताईला बघून तो बावरला, 'तास आहे' असं काहीतरी पुटपुटला आणि सटकला.

ताई आत शिरली. "काय म्हणाला?"

"ते नाही सांगणार," पेंगी म्हणाली.

"मी त्याची सख्खी बहीण आहे."

"इथलं बाहेर जाता कामा नये, हे तूच आम्हाला बजावलं होतंस. जिवाची काळजी वाटली असती तर मी लगेच बाईंकडे गेले असते."

ज्याला सायकल शिकवली, ज्याच्यासाठी शाळेत आईची खोटी सही ठोकली, त्या भावाने मला सोडून हिला सांगावं? पुढच्या बुधवारी ताईने दुसऱ्या इमारतीत पोस्टर लावायचं काम काढून पेंगीला तिकडे पिटाळलं आणि स्वतः खुर्चीत बसली. धाकट्याने पडदा सारला, तिला पाहिलं आणि पडदा सोडून निघून गेला. तिने त्याला सायकलींपाशी गाठलं.

"मला का नाही सांगितलंस?"

तो कुलपाशी खटपट करत राहिला. "तुला सांगितलं असतं तर जेवणाआधी आईला कळलं असतं. आणि तू मला संध्याकाळपर्यंत बरं करायला घेतलं असतंस. ती नुसती बसते, ताई."

त्याचं खरं होतं, पण त्याने जळफळाट कमी झाला नाही, उलट वाढला. तरी दुसऱ्या दिवशी तिने पेंगीला सांगून टाकलं की पोस्टरचं निमित्त होतं.

"कळलं होतं मला," पेंगी म्हणाली.

"मग गेलीस कशाला?"

"तुझा चेहरा फार उतरला होता."

हेही हिला कळावं, याचाही ताईला हेवा वाटला. पण बुधवार तिने पेंगीला परत दिला.

पेंगीने धाकट्याला बाईंकडे नेलं, बाईंनी डॉक्टरांकडे. थोडं बरं वाटू लागल्यावर त्याने आपणहून आईला सांगितलं. वर्गात बसलं की छाती धडधडते, श्वास पुरत नाही, म्हणून तो कितीतरी दिवस तास चुकवून वाचनालयात बसत होता. आईने शिलाई मशीन थांबवलं. तिला वाटलं, थोरलीने सगळं सांभाळलं असणार.

"तुला ठाऊक होतं ना गं?"

ताईने धाकट्याकडे पाहिलं. 'हो' म्हटलं असतं तर तो काही बोलला नसता.

"नाही," ती म्हणाली. "त्याला ज्या मुलीने बाईंकडे नेलं ना, तिला ठाऊक होतं."

आई म्हणाली, तिला जेवायला बोलव. बोलवायचं काम ताईवरच आलं. पेंगी आली, मान खाली घालून जेवली. आईने तिला न विचारता दोनदा वाढलं. मध्येच ती अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी काहीतरी पुटपुटली आणि धाकटा खदखदून हसला. असं त्याचं हसणं घरात कित्येक महिन्यांत कोणी ऐकलं नव्हतं. आईही हसली. ताई जरा उशिरा हसली. मग तांब्या भरलेला असूनही पाणी आणायला म्हणून उठली, आणि परत यायला तिने बराच वेळ लावला.